मोड आलेले बटाटे, रताळी, कांदे, अळकुड्या : काय खावं, काय टाकावं?

ओसरी :
जून-जुलैत बाजारात मिळणारा बटाटा बहुतेक शीतगृहातून निघालेला असतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये काढलेलं पीक २ ते ४ अंश सेल्सिअसला साठवतात. तिथे महिनोन्‌महिने राहून त्याची सुप्तावस्था संपलेली असते, त्यामुळे बाहेरच्या उबेत आला की थोड्याच दिवसांत डोळे फुटू लागतात. मग दरवर्षी तोच प्रश्न येतो : कोंब खुडून टाकले की झालं ना?

याचं उत्तर प्रत्येक कंदाला वेगळं आहे, आणि घरोघरी घोळ होतो तो तिथेच. बटाट्याची भीती कांद्याला लावून चांगला कांदा टाकला जातो, आणि कांद्याची बेफिकिरी बटाट्याला लावून हिरवा बटाटा भाजीत जातो. म्हणून हा धागा. आधी बटाटा, कारण नेहमीच्या कंदांमध्ये कोंबामुळे विषारी होणारा तोच.

बटाट्यात सोलॅनिन आणि चॅकोनिन ही दोन ग्लायकोअल्कलॉइड, म्हणजे विषारी द्रव्यं असतात. किडीपासून, बुरशीपासून बचावासाठी झाड ती स्वतः तयार करतं. चांगल्या बटाट्यात त्यांचं प्रमाण किलोमागे साधारण २० ते १०० मिलिग्रॅम असतं. २०० मिलिग्रॅमच्या वर गेलेला बटाटा खाण्यालायक धरत नाहीत. कोंबांमध्ये हेच प्रमाण किलोमागे २००० मिलिग्रॅमच्या वर जातं. कंदातला साठा मुख्यतः सालीत आणि सालीखालच्या दीड-दोन मिलिमीटरच्या थरात असतो, आणि डोळ्यांभोवती जास्त. आतला गर बराच स्वच्छ असतो.

त्यावरून ठरवायचं असं. बटाटा दाबून कडक लागतोय, कुठे हिरवा नाही, कोंब सेंटिमीटरभराच्या आतले आहेत : सुरीच्या टोकाने डोळा खोलगट कोरून काढा, साल जाड काढा, वापरा. एका बाजूला हिरवा डाग आहे : पांढरा गर लागेपर्यंत कापा आणि वर आणखी अर्धा सेंटिमीटर कापा. हिरवेपणा सगळीकडे पसरलाय, किंवा बटाटा सुरकुतून मऊ पडलाय आणि कोंब बोटभर लांब आहेत : तो टाकायचा. त्यातलं पाणी उडालेलं असतं, म्हणजे तेवढ्याच वजनात विषाचं प्रमाण वाढलेलं असतं, आणि सगळे डोळे कोरून जाड साल काढल्यावर हातात फारसं काही उरतही नाही.

गव्हाळी :
चांगली मांडणी. एक प्रश्न सगळेच विचारतात म्हणून इथेच विचारून ठेवते. मटकी, मूग, हरभऱ्याचे मोड आपण पौष्टिक म्हणून खातो, मग बटाट्याचेच का वाईट?

ओसरी :
कारण दोन्हीकडे घडतं ते उलट आहे. कडधान्यात जे त्रासदायक घटक असतात, उदाहरणार्थ फायटेट, ते मोड येताना कमी होतात, कारण रोप ते साठे वापरून टाकतं. बटाट्याचं कुळ टोमॅटो, वांगी, धोतऱ्याचं. या कुळातली झाडं कोवळ्या वाढत्या टोकाला सगळ्यात जास्त राखतात, म्हणून विष तिथेच साठतं. आणि कडधान्यातही सरसकट नाही : राजम्याला मोड आले तरी तो भरपूर पाण्यात खळखळून उकळल्याशिवाय खाऊ नये, त्यातलं लेक्टिन हे बाधणारं प्रथिन मोडांनी जात नाही.

खलबत्ता :
स्वयंपाकाच्या बाजूने लिहितो, कारण "शिजवलं की सगळं मरतं" हा समज सगळ्यात घातक आहे. सोलॅनिन जिवंत नसतं, ते एक रसायन आहे, आणि ते मोडायला २३० अंशांच्या वर तापमान लागतं. कुकरमध्ये १२० अंशांच्या आसपास तापमान असतं. कढईतलं तेल तळताना १७० ते १८० अंशांवर असतं. म्हणजे उकडून, वाफवून, मायक्रोवेव्हमध्ये ठेवून ते नष्ट होत नाही. तळताना थोडं तेलात उतरतं, उकळताना थोडं पाण्यात उतरतं, एवढंच. मिठाच्या पाण्यात भिजवून ठेवण्याचाही उपयोग नाही, साध्या पाण्यात ते फारसं विरघळत नाही. खरा फरक पडतो तो साल काढल्याने.

यातून स्वयंपाकात चार गोष्टी बदलायच्या. बटाटा संशयास्पद असेल तर सालासकट उकडू नका, आधी सोला आणि मग उकडा. उकडल्याचं पाणी कणकेत किंवा रश्श्यात घालू नका. सालींच्या काचऱ्या तळून खायच्या असतील तर ताज्या, पिवळसर, डाग नसलेल्या बटाट्याच्याच करा, जुन्या बटाट्याच्या साली कचऱ्यात. छोट्या बटाट्यांची दम आलू सालासकट करतात, त्यात वजनाच्या मानाने साल जास्त येते, तेव्हा तो माल एकेक करून निवडा.

आणि चव. प्रमाण वाढलं की बटाटा कडवट लागतो, त्याहून वाढलं की घशाशी जळजळतो. पण वड्याच्या सारणात आलं, लसूण, मिरची पडल्यावर ती जळजळ मसाल्याची वाटते. म्हणून उकडलेल्या बटाट्याचा बारीक तुकडा मसाला घालायच्या आधी चाखा. कडू लागला तर थुंका आणि तो घाणा बाजूला काढा. मिरची वाढवून कडूपणा झाकायचा नाही.

उन्हाळी वाळवण करणाऱ्यांनी हे जास्त सांभाळा. बटाट्यात ऐंशी टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. वेफर्स, कीस, पापड वाळले की साधारण पाच किलोचा एक किलो होतो, आणि जे काही आत राहिलं ते त्या एका किलोत एकवटतं. वाळवणाला नवा, कोंब न आलेला बटाटाच घ्या.

टिपूर :
"थोडंसं खाल्लं तर काय होतं" याचा हिशोब मांडते. युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२० मध्ये जे मूल्यमापन केलं त्यात शरीराच्या वजनाच्या किलोमागे १ मिलिग्रॅम या मात्रेला त्रास दिसू शकतो असं धरलं आहे.

६० किलोच्या माणसाला म्हणजे ६० मिलिग्रॅम. बटाट्यात किलोमागे १०० असतील तर त्यासाठी ६०० ग्रॅम बटाटा एका वेळी खावा लागेल. २५० असतील तर २४० ग्रॅम पुरतो, म्हणजे दोन-तीन मध्यम बटाटे. आता १५ किलोचं मूल घ्या : त्याच बटाट्याचे ६० ग्रॅम, म्हणजे एक लहान बटाटा. घरात मोठ्यांना काही झालं नाही आणि मुलालाच उलट्या झाल्या, असं होण्यामागे हे गणित आहे. म्हणून मुलांच्या ताटात शंकेचा बटाटा अजिबात नको. गरोदर बाईच्या ताटातही नको.

आषाढी एकादशी याच दिवसांत येते, आणि त्या दिवशी रिकाम्या पोटी बटाट्याची भाजी, कीस, वेफर्स असं दिवसभर बटाट्यावरच राहणं होतं. एरवी पोळीबरोबर दोन फोडी खाणारा माणूस त्या दिवशी पाव किलोच्या वर जातो. उपवासाचा बटाटा निवडून घ्या.

लक्षणं : मळमळ, उलट्या, पोटात पेटके, जुलाब, डोकेदुखी, कधी ताप. सुरुवात अर्ध्या तासापासून बारा तासांपर्यंत, क्वचित त्याहून उशिरा. म्हणून दुपारच्या भाजीचा संबंध रात्रीच्या उलट्यांशी कुणी जोडत नाही, "पोट बिघडलं" म्हणून विषय संपतो. यावर उतारा असं औषध नाही. जलसंजीवनी घोट घोट देत राहायची, मुद्दाम उलटी काढायची नाही. गुंगी, बडबड, खूप जलद नाडी, किंवा पाणीही टिकत नसेल तर थेट दवाखाना, आणि डॉक्टरांना काय खाल्लं ते सांगायचं.

हे पुस्तकी भय नाही. १९६९ च्या शरद ऋतूत लंडनमधल्या लुइशॅम भागातल्या एका शाळेत दुपारच्या जेवणानंतर ७८ मुलं आजारी पडली, १७ जणांना रुग्णालयात ठेवावं लागलं. उन्हाळी सत्रातली उरलेली बटाट्याची गोणी त्या जेवणात वापरली होती. मुलं सगळी बरी झाली. मेस, आश्रमशाळा, मंगल कार्यालयं, जिथे सुट्टीनंतर जुनी गोणी उघडली जाते, तिथल्या आचाऱ्यांपर्यंत हे पोचायला हवं असं मला मनापासून वाटतं.

ओसरी :
टिपूर, फार मोलाची भर. वाणाचाही भाग असतो. अमेरिकेत लेनापे नावाचा बटाटा १९६७ मध्ये आला, वेफर्ससाठी उत्तम, पण मुळातच ग्लायकोअल्कलॉइड जास्त. १९७० मध्ये तो मागे घ्यावा लागला. तेव्हापासून नवा वाण आणण्याआधी ही तपासणी पैदासकारांच्या कामाचा भाग झाली.

बांधावरून :
शेताच्या बाजूने.

हिरवेपणा आणि कोंब या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हिरवा रंग हरितद्रव्याचा, त्याने काही होत नाही. पण उजेडामुळे हरितद्रव्य तयार होतं तेव्हाच सालीत सोलॅनिनही वाढतं, म्हणून हिरवा रंग ही खूण समजायची. आणि ही खूण पुरती नाही. मार बसलेल्या, कापलेल्या, उन्हात तापलेल्या बटाट्यात हिरवेपणा न दिसताही प्रमाण वाढतं. लाल सालीच्या बटाट्यावर हिरवा रंग लपतो, तिथे नखाने साल खरवडून बघा.

शेतात हिरवा बटाटा येतो तो भर नीट न दिल्याने. लागवडीनंतर महिन्याभरात वरंब्याला माती चढवली नाही तर वरचे कंद उघडे पडतात. खेड, मंचर, पुसेगाव भागातला खरिपाचा बटाटा जोराच्या पावसात वरंबा धुपून असाच उघडा पडतो. प्रतवारी करताना तो वेगळा काढतात, पण सुट्या विक्रीत मिसळून येतो. दुकानात पुन्हा ट्यूबलाइटखाली उघडा ढीग, तिथेही हिरवा होतो. धुऊन चकचकीत केलेला आणखी लवकर.

दोन इशारे. बेण्याचा बटाटा कधीही खायचा नाही. पेरणी लांबली, बेणं उरलं, तर ते स्वयंपाकघरात आणण्याचा मोह होतो. त्यावर बुरशीनाशकाची प्रक्रिया केलेली असते, साल काढूनही धोका घेऊ नका. दुसरं, हिरवे आणि कोंबांचे बटाटे गुरांपुढे, शेळ्यांपुढे टाकू नका. तेच विष त्यांनाही बाधतं, आणि घमेलंभर खाल्लं तर जनावर दगावू शकतं. पुरून टाका.

लालपात :
कांदा-लसणीचं मी सांगतो, कारण इथे उगाच नासाडी होते.

कांद्याला फुटलेला कोंब म्हणजे त्याचीच पात. विषारी नाही, खुशाल खा. फक्त आतल्या पाकळ्यांतली साखर आणि पाणी त्या पातीने ओढून घेतलेलं असतं, म्हणून कांदा पोकळ, चिवट आणि कमी गोड लागतो. कोशिंबिरीला नको, वाटणाला आणि फोडणीला चालतो. उभा चिरा, मधला पिवळट गाभा बुळबुळीत नसेल तर तोही चिरून घाला. टाकायचा केव्हा? मानेशी दाबल्यावर मऊ लागला, आतली पाकळी पाणथळ झाली, आंबूस वास आला की. वरच्या सुक्या सालीवरची काळी भुकटी ही बुरशी आहे. ती साल आणि खालची एक पाकळी काढून धुवा. आतपर्यंत उतरली असेल तर अख्खा कांदा टाका.

कांद्याला कोंब सगळ्यात जोरात येतात १० ते २० अंशांमध्ये. चाळीत २५ ते ३० अंशांना तो शांत राहतो, आणि शून्याजवळही शांत राहतो. मधलं तापमान वाईट. रब्बीचा उन्हाळी कांदा चार-पाच महिने टिकतो, खरिपाचा टिकत नाही, तो साठवायला घेऊच नका.

लसणीचा हिरवा कोंबही निर्धोक. कच्च्या चटणीत तो किंचित कडवट लागतो, म्हणून पाकळी उभी चिरून सुरीच्या टोकाने काढतात, शिजवताना तीही गरज नाही. अख्खा गड्डा फ्रिजमध्ये ठेवू नका. थंडी लागून बाहेर आला की भराभर फुटतो. पिवळी, अर्धपारदर्शक, मऊ पडलेली पाकळी टाकायची. आणि कोंब आलेली लसूण संपवायची म्हणून सोलून तेलात बुडवून बाहेर ठेवतात, ते मात्र करू नका. तेलाखाली हवा नसते, तिथे बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचा जीवाणू वाढू शकतो, आणि तो धोका कोंबापेक्षा कितीतरी मोठा आहे.

आल्याला, ओल्या हळदीला फुटवे आले तर खुशाल वापरा. कापल्यावर आत बुरशी किंवा काळपट मऊ भाग दिसला तर अख्खा तुकडा टाका.

सोनकी :
रताळ्याबद्दल गैरसमज दोन्ही बाजूंनी आहे. 'स्वीट पोटॅटो' या इंग्रजी नावावरून बटाट्याचं भावंडं वाटलं तरी त्याचं कुळ वेगळं, गारवेलीचं. सोलॅनिन त्यात नाही. कोंब आणि कोवळा पाला अनेक देशांत भाजी म्हणून खातात. कोंब आलेलं पण कडक रताळं सोलून, कोंब खुडून, उकडा किंवा कीस करा. थोडं दोरेदार लागेल एवढंच.

रताळ्यातला धोका कोंबात नसतो, तो कुजलेल्या आणि किडक्या भागात असतो. सोंड्या भुंग्याची अळी आत पोखरते किंवा काळी कूज लागते, तेव्हा रताळं स्वतःच्या बचावासाठी इपोमेअमॅरोनसारखी कडू द्रव्यं तयार करतं. बुरशीच्या संगतीत त्यातून फुफ्फुसाला मारक अशी द्रव्यंही होतात. किडकी रताळी चारल्याने गुरं धाप लागून मेल्याच्या नोंदी अमेरिका आणि जपानमध्ये आहेत. उकडून, भाजून ही द्रव्यं पूर्ण जात नाहीत, आणि डागाच्या भोवतीच्या चांगल्या दिसणाऱ्या गरातही उतरलेली असतात. म्हणून साधं खरचटलेलं असेल तर कापून वापरा, पण काळा कडू डाग, बारीक भोकं आणि आत भुगा दिसला तर सगळं रताळं टाका. गुरांनाही नको.

फ्रिजमध्ये रताळी ठेवू नका. १२-१३ अंशांच्या खाली गारठा बाधतो, मग शिजवूनही मध्ये टणक गाठ राहते आणि लवकर कुजतात.

थेम्सकाठ :
इकडे ब्रिटनमधल्यांसाठी एक भर. बटाटा फ्रिजमध्ये ठेवू नका असं इथली अन्न मानक संस्था वर्षानुवर्षं सांगत होती, कारण थंडीत स्टार्चची साखर होते आणि तळल्या-भाजल्यावर ॲक्रिलामाइड हे अपायकारक द्रव्य वाढतं. २०२३ मध्ये नव्या आढाव्यानंतर तो सल्ला बदलला, आता फ्रिज चालतो असं सांगतात. चव गोडसर होते आणि चिप्स लवकर काळपटतात, हे तरीही आहेच. उकडून भाजी करायची असेल तर हरकत नाही.

बांधावरून :
मुंबई-कोकणाच्या पावसाळ्यातही तोच मार्ग बरा. बाहेर ३० अंश आणि दमट हवा, त्यात बटाटा टिकवणं अवघड. फ्रिज नको असेल तर आठवड्याचाच आणा. बांबूच्या टोपलीत, वर गोणपाट किंवा जाड कागद, ओट्याखाली अंधारात, गॅसपासून लांब. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका, घाम सुटून कुजतो. धुऊन ठेवू नका.

गव्हाळी :
कांदे-बटाटे एकत्र ठेवू नयेत आणि बटाट्यात सफरचंद ठेवलं की कोंब येत नाहीत, या दोन्हींत तथ्य किती?

बांधावरून :
पहिल्यात तथ्य आहे, पण कारण ओलाव्याचं. बटाटा सतत पाण्याची वाफ सोडतो, कांद्याला कोरडी हवा लागते, त्यामुळे आधी बिघडतो तो कांदा. शिवाय बटाट्याला अंधार आणि झाकण लागतं, कांद्याला मोकळा वारा. वेगळेच ठेवा.

सफरचंदाचं अर्धं खरं. त्यातून इथिलीन वायू निघतो. शीतगृहात इथिलीन सतत आणि मोजून सोडलं तर कोंबांची लांबी रोखली जाते, परदेशात हे करतात. घरच्या टोपलीत मोजमाप नसतं. थोडा वेळ मिळालेलं इथिलीन उलट सुप्तावस्था मोडू शकतं. भरवसा ठेवू नका. गाजरं मात्र सफरचंद-केळ्यांपासून नक्की लांब ठेवा, इथिलीनने ती कडू होतात. गाजर, बीट, मुळा यांना वर पानं फुटली तर विषाचा प्रश्न नाही, फक्त मुळा पोकळ आणि गाजर लाकडासारखं होतं.

टिपूर :
लासलगावला विकिरण केंद्र २००२ पासून आहे, तिथे अगदी कमी मात्रेत गॅमा किरण देऊन कांद्याचे कोंब रोखतात, बटाट्यालाही ही पद्धत चालते. असा माल किरणोत्सारी होत नाही, निर्धास्त खा. पण कोंब नाहीत म्हणजे बटाटा हिरवा होणार नाही असं समजू नका. उजेडापासून तोही जपावा लागतो.

कोकणवाट :
अळकुडी, सुरण, करांदे राहिले.

अळकुडी आणि सुरणात त्रास कॅल्शियम ऑक्सलेटच्या सुईसारख्या स्फटिकांचा. कोंब आल्याने नवं विष येत नाही, पण कोंबाचा भाग खाजरा असतो, तो काढून टाका. अळकुडी आधी मऊ उकडा, मग सोला, हाताला खाज कमी लागते. कच्ची सोलायची तर हात कोरडे ठेवा आणि तेल लावा. सुरणाच्या मधल्या खळग्यात जाड कोंब येतो, त्याच्याभोवती दोन बोटं खोल कापून टाका आणि तो तुकडा लावायला ठेवा. दोन्हींत चिंच किंवा आमसूल घाला, पण भिस्त पूर्ण शिजण्यावर ठेवा. अर्धं कच्चं राहिलं तर आमसूल वाचवत नाही. मूतखड्याचा त्रास असलेल्यांनी बेतानेच.

कोनफळाला कोंब आला तर तेवढा भाग काढून वापरा, मात्र सोलून आणि पूर्ण शिजवूनच. करांद्यांचं वेगळं. परसातले गोडे करांदे उकडून खातात, कोंब आला तरी काढून चालतात. रानातले कडू करांदे यकृताला घातक असतात. ज्यांना त्यांची ओळख आणि काप करून, पुन्हा पुन्हा उकळून, वाहत्या पाण्यात ठेवण्याची रीत पक्की माहीत आहे, त्यांनीच त्यांच्या वाटेला जावं.

गव्हाळी :
शेवटचं. टाकायचे बटाटे कुंडीत लावले तर?

बांधावरून :
लावा. ऑक्टोबर-नोव्हेंबर उत्तम, पावसाळी कुंडीत कुजतात. ३० ते ४० ग्रॅमचा तुकडा, त्यावर दोन तरी डोळे, काप एक-दोन दिवस सावलीत सुकू द्या. १५ इंची पिशवीत खाली सहा इंच माती-शेणखत, त्यावर तुकडे कोंब वर करून, वर चार इंच माती. रोप वीतभर झालं की पुन्हा माती चढवा, पिशवी भरेपर्यंत. कंद कुठे उघडा दिसला की लगेच झाका. तीनेक महिन्यांनी पाला पिवळा पडला की पाणी थांबवा, आणि आठ-दहा दिवसांनी काढा. नवा कंद शुद्ध असतो, जुन्या हिरवेपणाचा त्यात काही संबंध नाही. झाडाला कधी छोट्या टोमॅटोसारखी हिरवी फळं धरतात. ती विषारी आहेत. घरात लहान मुलं असतील तर फुलं येताच खुडून टाका.